मेणबत्तीची दया

गोष्ट बरीच जुनी आहे. आंबोलीच्या इंदुमतीबाईंनी करवतीचं तुटकं पातं घासून, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळून ऑर्किडची मुळं कापायला सुरी बनवली होती. एका झाडाची कुज दुसऱ्याला लागू नये म्हणून, एक झाड कापून झालं की दुसऱ्याला लावण्याआधी त्या तिला मेणबत्तीवर लाल होईस्तोवर धरत. सुरीला ते सोसवत नसे.

एकदा एका झाडाची नासकी मुळं कापून झाल्यावर तिनं मेणबत्तीला विनवलं, "आजच्या दिवस नको गं भाजूस."

मेणबत्तीला दया आली आणि ती विझून गेली. बाईंनी काडेपेटी उघडली, तर ती रिकामी होती. "एका वेळेनं काय होतंय," म्हणत त्यांनी तीच सुरी दुसऱ्या ऑर्किडला लावली. ते त्यांच्या वारलेल्या बहिणीनं दिलेलं होतं.

महिन्याभरात ते मुळापासून कुजलं. रिकामी कुंडी मांडीवर घेऊन बाई कितीतरी वेळ बसून राहिल्या.

"मी तुझं भलं करायला गेले," मेणबत्ती म्हणाली.

"मागितलं मीच होतं," सुरी म्हणाली.

पुढे ती कितीदा तरी लाल झाली, पण कधी कुरकुरली नाही. ती कुंडी मात्र बाईंनी पुन्हा भरली नाही.