संघाची निवड

आंबेखोलच्या शाळेत तेलवेकर मास्तर भूगोल शिकवत आणि दुसरं कोणी तयार नसल्यामुळे फुटबॉलही. स्वतः ते आयुष्यात एकच सामना खेळले होते आणि त्यातही गोल आपल्याच जाळ्यात मारला होता. त्यामुळे तालुक्याच्या अंतिम सामन्यात त्यांच्या पोरांनी अडीच हजार पटाच्या शाळेला एका गोलने हरवलं, तेव्हा सगळ्यात जास्त दचकले ते मास्तरच.

त्या मोठ्या शाळेचे मुख्याध्यापक इनामदार यांनी बक्षीस समारंभच थांबवला. "एवढ्याशा शाळेत असे खेळाडू? बाहेरून आणले असणार. मास्तर, संघ कसा निवडलात ते सर्वांसमोर सांगा. नाहीतर ढाल विसरा."

मास्तरांनी घाम पुसला आणि हजेरीपट पंचांच्या हाती दिला.

"सर, निवड मला कुठली जमायला? तुमच्याकडे हजारभर मुलगे. त्यांतले अकरा निवडताना चूक व्हायला भरपूर वाव. आमच्या नववी-दहावीत मिळून मुलगेच अकरा. मला चुकायला जागाच नव्हती."

पंचांनी अकरा नावं मोजली आणि हसू आवरत ढाल मास्तरांच्या हातात ठेवली. फोटोत मास्तरांनी ती उलटी धरली आहे.