न भरणारी जखम

एका राज्यात वज्रसेन नावाचा राजा होता, आणि त्याच्या राज्यात पकडलेला प्रत्येक माणूस चोरच ठरत असे. राजाला याचा मोठा अभिमान. फाशीच्या दोराला मात्र उसंत नव्हती.

कायदा असा होता. दहा घरांची एक बांधणी, आणि त्यातला एक पळाला तर उरलेल्या नऊ घरांना शिक्षा. कुणी गुन्हेगाराचे नाव घेऊन हाकाटी केली, की ऐकेल त्याने धावत सुटायचे आणि त्याला चावडीवर आणायचे. तिथे त्याने दिव्य करायचे, म्हणजे तापलेले लोखंड हातात धरायचे. मग हाताला पट्टी बांधत. तिसऱ्या दिवशी पट्टी सोडल्यावर जखम भरत आलेली दिसली तर तो निर्दोष, चिघळलेली दिसली तर फाशी. खोटी फिर्याद करणाऱ्यालाही फाशीच होती.

एकदा राजाच्या पागेतला घोडा नाहीसा झाला आणि कुंतल नावाच्या नालबंदाला लोखंड धरावे लागले. त्याची थोरली बहीण हंसावती वधस्तंभाखाली जाऊन बसली, कारण दुसरे कुठे जावे ते तिला सुचेना. वर एक साळुंकी बसली होती.

"बसून काय होणार?" साळुंकी म्हणाली. "या राज्यात कुणाचीच जखम भरत नाही. विळीवर कापलेले बोटसुद्धा नाही. लोक पाण्याला दोष देतात. पण हा शाप आहे."

"कुणाचा?"

"डोंगरापलीकडच्या चेटकिणीचा. चल, वाट दाखवते."

चेटकिणीने हंसावतीला बघून एवढेच म्हटले, "आधी माझी तीन कामे." हंसावतीने ओल्या लाकडांची चूल पेटवली. मग चेटकिणीच्या जटांतले साप एकेक करून सोडवले. जाताना त्यांनी तिला चार शिव्या दिल्या, त्या तिने ऐकून घेतल्या.

मग चेटकीण बोलली. "माझा मुलगा राजाचा माळी होता. राजाने त्याच्यावर अंगठी चोरल्याचा आळ घेतला. मुलाने लोखंड धरले, त्याची जखम भरली, तरी राजाने त्याला फाशी दिली. जखमेची साक्ष त्याने मानली नाही, म्हणून ती साक्ष मी राज्यातूनच काढून घेतली. आता तिसरे काम. हे राजाच्या तोंडून लोकांपुढे वदवून घे. शाप सुटेल."

तिसऱ्या दिवशी सकाळी हंसावती राजवाड्याच्या दारात उभी राहिली. राजा कबूल झाला नाही तर भावाशेजारी तिचाही फास होता. तिने खणखणीत आवाजात हाकाटी केली. "धावा, लोकहो. निर्दोष माळ्याला फाशी देणारा गुन्हेगार राजा वज्रसेन."

लोक गोंधळले. पण कायदा तो कायदा. तेली धावला, न्हावी धावला, राजाचे पहारेकरीही भाले सावरत आत धावले. सगळ्यात पुढे होता प्रधान.

"महाराज, चावडीवर चलावे," तो म्हणाला. "आपल्या बांधणीत आम्ही नऊ मंत्री आहोत. आपण न आलात तर शिक्षा आम्हाला."

चावडीवर लोखंड तापत होते. राजाने पुढे केलेला हात मागे घेतला.

"राहू द्या," तो म्हणाला. "या लोखंडातून हल्ली कुणी सुटत नाही. त्या माळ्याची जखम भरली होती. मी स्वतः पाहिली. अंगठीही माझ्याच अंगरख्यात सापडली होती. पण फिर्याद माझी होती, आणि मला मरायचे नव्हते."

गर्दीतल्या एका बाईने आपल्या बोटाकडे पाहिले. जुनी चीर मिटत होती. मग सगळेच आपापली अंगे पाहू लागले.

राजाचा निवाडा चेटकिणीकडे गेला. तिने त्याचा जीव घेतला नाही. मुकुट उतरवून तिच्या मुलाच्या बागेला जन्मभर पाणी घालायला लावले. गादीवर राजाची बहीण बसली.

पण शाप सुटला म्हणजे कुंतल सुटला असे नव्हे. उलट आता लोखंड खरे बोलणार होते. चावडीवर आणलेल्या कुंतलच्या हातावरच्या पट्टीची गाठ हंसावतीने धरली, आणि ती सोडायला तिने फार वेळ लावला. आत कोवळी, गुलाबी कातडी होती.

"ताई," कुंतल म्हणाला, "घोडा मी नेला का, हे तू मला एकदाही विचारले नाहीस."

"नाही विचारले."

"का?"

"भीती वाटत होती," हंसावती म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू आवरेना.