वाकडा माड आणि घाईतला तांडेल

एका खाडीकाठच्या गावात एक तांडेल राहायचा. तांडेल म्हणजे मचव्याचा, शिडाच्या मोठ्या होडीचा, मुख्य. पाण्यावर सगळ्यांनी त्याचं ऐकायचं आणि त्याने कुणाचंच नाही, अशी वाटणी त्याने स्वतःच करून घेतली होती.

एकदा त्याला लग्नाचं वऱ्हाड पलीकडच्या बंदरात पोचवायचं होतं. मुहूर्त दुपारचा. ते बंदर वीतभर, आणि तोंडाशी पाण्याखाली खडक असे दबा धरून बसलेले, की वरून बघणाऱ्याला वाटावं, काय छान निळं पाणी. आत जायची वाट एकच. देवळाचा कळस आणि काठावरचा वाकडा माड एकामागे एक आले, की सरळ आत घुसायचं. तेही भरती आहे तोवर. ओहोटी लागली, की बसा बाहेर डुलत.

आता वऱ्हाडाचं नशीब बघा. अर्ध्या वाटेत कळलं, बाशिंग घरीच राहिलं. मचवा परत. बाशिंग घेऊन निघतात तर नवरदेवाच्या मामांना पान हवं. सगळं उरकून बंदराच्या तोंडाशी आले, तेव्हा पाणी उतरायला लागलं होतं.

"अहो तांडेल," मामा म्हणाले, "तो बघा मांडव. ते बघा भटजी. सगळे तिथं दिसतायत, आम्ही सोडून."

नवरदेव उठायचा, बसायचा, बाशिंग बांधायचा, सोडायचा. वाजंत्रीवाला सनई तोंडाला लावून पुन्हा खाली ठेवायचा. तांडेलाचाही पाय ठरेना. कळस तर दिसत होता, पण वाकडा माड कुठं दिसेना. काठावर माड ढीगभर, पण सगळे सरळ, शाळेत प्रार्थनेला उभे केल्यासारखे.

तांडेलाचा खलाशी लखू म्हणाला, "तांडेल, नांगर टाकूया. मी छोटी होडी घेऊन पुढं जातो, बांबूने पाणी चाचपतो, काठावर विचारून येतो."

"आणि मुहूर्त?"

"मुहूर्त भटजी दुसरा काढतील. मचवा फुटला तर दुसरा कोण काढणार?"

तेवढ्यात मामा पचकले, "म्हणजे तांडेलाला वाट माहीत नाही म्हणा की. आधी सांगायचं, बैलगाडीने आलो असतो."

हे झोंबलं. तांडेल काठ पुन्हा न्याहाळायला लागला, इकडून तिकडे, तिकडून इकडे. पाणी उतरतच होतं. खडकांवरचं शेवाळ डोकं वर काढत होतं.

"तो बघ वाकडा माड," तांडेल एकदम म्हणाला.

"कुठला?"

"तो काय, कळसाजवळचा."

"तो सरळ आहे, तांडेल."

"जरा मान अशी करून बघ."

लखूने मान तशी केली. "अशी केली तर देऊळपण वाकडं दिसतंय."

"गप. शीड ताण."

लखूने शीड ताणलं. तांडेलाने तो माड आणि कळस एकामागे एक घेतले आणि मचवा आत घातला. जरा वेळ सगळं झकास चाललं. मामांनी मिशीसुद्धा सारखी केली. मग खालून असा आवाज आला, की जणू कुणी अख्खा नारळ दाताने फोडतंय. मचवा थांबला, कलला आणि मामा घसरत जाऊन वाजंत्रीवाल्याच्या मांडीवर बसले.

पाणी निघून गेलं. मचवा खडकावर, चहूबाजूंनी कमरेएवढा चिखल, समोर मांडव, आणि वाऱ्यावर जिलब्यांचा वास. मुहूर्त डोळ्यांदेखत गेला. शेवटी काठावरचे लोक लांब फळ्या घेऊन आले. वऱ्हाडातल्या एकेकाला फळीवर पालथं घातलं आणि चिखलातून ढकलत नेलं. नवरदेव गेला तेव्हा नुसते डोळे ओळखू येत होते.

तांडेल काठावर पोचला तो भांडायच्याच तयारीत. "तुमचा वाकडा माड कुठं गेला?"

नवरीचे वडील हात जोडून म्हणाले, "तोडला हो. मांडवाच्या वाटेवरच झुकला होता. वऱ्हाडाच्या डोक्यात नारळ पडला असता तर?"

भटजींनी संध्याकाळचा गोरज मुहूर्त काढला, लग्न लागलं, पंगती बसल्या. तांडेल आणि लखू मात्र मचव्याकडे गेले होते. भरती आली होती. मचव्याची तळाची फळी फुटलेली. पाणी चढलं तसा तो तरंगला नाही, भरत गेला. दोघं बादल्यांनी पाणी उपसत होते आणि उपसलेल्याच्या दुप्पट आत येत होतं.

उपसता उपसता लखूने विचारलं, "तांडेल, खरं सांगा. तो माड तुम्हाला वाकडा दिसला होता?"

"दिसला होता," तांडेल म्हणाला.

"आणि आता?"

तांडेलाने बादली ठेवली. मान ताठ करून काठाकडे बघितलं. माड देवळाच्या दीपमाळेसारखा सरळ उभा होता. तांडेल वाकला, आणि त्याने पुन्हा बादली भरून घेतली.

तात्पर्य: घाई झालेला माणूस खूण शोधत नाही, समोर असेल त्यालाच खूण ठरवतो. म्हणून खूण पटवायला मान वाकडी करावी लागली, की आधी नांगर टाकावा.