पश्चिमेची फांदी

त्या वनात आजारी पाखरांसाठी एक मोठा वड राखून ठेवलेला होता. त्याच्या पूर्वेच्या फांद्यांवर ऊन येई, पश्चिमेच्या फांद्यांवर दलदलीकडून तापाचा वारा. तिथे शुश्रूषा बगळ्या करीत, तशाच डोंगरापलीकडून आलेल्या साळुंक्याही. पश्चिमेची पाळी मात्र नेहमी साळुंक्यांची. "त्या काटक असतात," बगळ्या म्हणत, आणि त्यांना ते मनापासून खरे वाटे.

वाऱ्यापासून जपायला प्रत्येकीला कडुनिंबाच्या पानांची मुखपट्टी मिळे. सुगरण ती लाकडी साच्यावर विणायची. साचा होता बगळीच्या लांब चोचीचा. साळुंकीच्या तोंडावर पट्टी ढिली बसे आणि गालापाशी फट राही. कुणी बोललेच, तर थोरली बगळी हसून म्हणे, "चोचच आखूड तुमची. सुगरण बिचारी काय करणार?"

पट्टीची गाठ मानेमागे येई, म्हणून ती एकमेकींनी बांधायची रीत होती. बगळी बगळीची बांधी, साळुंकी साळुंकीची.

त्या हिवाळ्यात साळुंक्या तापाने पडू लागल्या. काजळी नावाच्या साळुंकीची धाकटी बहीणही पडली. तिला पश्चिमेच्याच फांदीवर निजवले, आणि सकाळची पाळी काजळीची लागली. गेली तर तीही पडणार. न गेली तर धाकटीला पाणी कोण पाजणार?

काजळी थोरलीपुढे गेली. "बाई, माझी गाठ बांधणारी पडलीय. आज तुम्ही बांधाल?"

थोरलीने गाठ बांधली. फट राहिली. तिने ती सोडून पुन्हा घट्ट आवळली. काजळीचा श्वास कोंडला, तरी फट राहिलीच. तेवढ्यात वारा आला आणि त्या फटीतून आत शिरून पाने फडफडवू लागला.

"रोज असंच?" थोरलीने विचारले.

"रोजच, बाई."

थोरलीने सुगरणीला बोलावून घेतले. सुगरण कुरकुरली, "साचा माझ्या आजीपासूनचा आहे. एकेकीचं माप घेत बसले तर म्हातारी होईन मी."

"मग विणायला साळुंक्यांनाही बसव," थोरली म्हणाली. "तोवर पश्चिमेला आम्ही जातो."

काही दिवसांनी पश्चिमेच्या फांदीवर धाकटीने डोळे उघडले. समोर थोरली पाण्याचा द्रोण धरून उभी होती. तिच्या लांब पांढऱ्या मानेमागे, गालांवर नीट बसलेली नवी पट्टी लावून, काजळी तिची गाठ बांधत होती.