कारभाऱ्याने रचलेला सुभेदार

फार पूर्वी, राजेरजवाड्यांच्या काळात, एका पाथरवटाने दारोदार फिरून बायाबापड्यांच्या गुळगुळीत झालेल्या जात्यांना छिन्नीने टाकी लावली आणि त्या कमाईवर लेकाला शिकवले. बाप वारला. लेक परमुलखात जाऊन कारभारी झाला, पालखीत बसू लागला. तिथे बापाचा धंदा सांगायची त्याला लाज वाटली. त्याने सांगून टाकले, की आमचे वडील किल्ल्याचे सुभेदार होते. खोटेच बोलायचे, तर हात आखडता का घ्यायचा?

पंचाईत होई ती पितृपंधरवड्यात. पिंड देताना पितराचे नाव घ्यावे लागते. कारभारी ऐटीत म्हणे, "सुभेदार रणधीरराव." असा माणूस जगात जन्मलाच नव्हता.

एका सर्वपित्री अमावास्येला शेजारच्या गावचे देशमुख त्याच्याकडे जेवायला आले. सुभेदाराचे घराणे म्हणून ते आपली लेक कारभाऱ्याच्या मुलाला देणार होते.

कारभारी पिंडाचा भात न्यायला स्वयंपाकघरात गेला. वडे, खीर, आमसुलाची चटणी, सगळे तयार होते. बायको हळूच म्हणाली, "दरवर्षी मी मामंजींसाठी रांधते आणि तुम्ही ते भलत्याच्याच नावाने देता. मग मामंजी कुठे जेवत असतील हो?"

बापाचे भेगाळलेले हात कारभाऱ्याच्या डोळ्यांपुढे आले. भात घेऊन तो बाहेर गुरुजींपुढे येऊन बसला. गुरुजींनी नाव विचारले. खोटे नाव घेतले तर सोयरीक पक्की होती, खरे घेतले तर मोडणार होती.

"सटवाजी पाथरवट," कारभारी म्हणाला. "जात्यांना टाकी लावायचे. तेच माझे वडील. सुभेदार मी रचला होता."

देशमुखांचा चेहरा उतरला. फसवलेत आम्हाला, म्हणून ते न जेवताच निघून गेले.

कारभाऱ्याची मान मात्र खाली गेली नाही. पिंड ठेवताना त्याने बापाचे नाव पुन्हा घेतले, अंगणातल्या गड्यांनाही ऐकू जाईल असे. आपण त्या हातांच्या कमाईवर वाढलो, या अभिमानाने त्याचा ऊर भरून आला. लग्न मोडलेला मुलगा जवळ सरकला आणि आजोबांबद्दल विचारू लागला.

बायको पाने मांडत म्हणाली, "बसा आता सगळे. मामंजी आज आपल्या घरी जेवले."

तात्पर्य: ज्यांचे नाव घ्यायची लाज वाटते, त्या पितरांना वाढलेले पान पोचत नाही.