हिवराखालची हाक

माळेवाडीच्या माळावर एकच हिवर उभा आहे. वैशाखाच्या उन्हात पाखरूही चोच उघडत नाही, तेव्हा या झाडावर किडे कान किटेपर्यंत किर्र ओरडतात. पुस्तकात त्यांना सिकाडा म्हणतात. रेवतीला मात्र रात्रभर जागं ठेवलं ते वेगळ्याच किरकिरीनं. उद्या नोकरीच्या ट्रेनिंगला चार महिने नागपूर. सासूबाई म्हणाल्या होत्या, "पोरगी झोपली की सटक. सांगून गेलीस तर रडून गाव गोळा करील." आणि बालसंगोपनावरची तीन पुस्तकं वाचलेली रेवती चक्क 'बरं' म्हणाली होती.

सहा वर्षांच्या लेकीला, शाल्मलीला, घेऊन ती सावलीला आली, तर मेंढरं राखणारे कोंडिबाआज्जा तिथंच टेकलेले. शाल्मलीनं खोडावरचं रिकामं टरफल दाखवलं. "यातला किडा कुठाय?"

"किडा नव्हं, म्हाळू हाय ती," आज्जा म्हणाले, आणि सांगू लागले.

फार मागं असा दुष्काळ पडला, म्हणे, की विहिरींनी तळ दाखवला. जानू धनगर मेंढरं घेऊन पाणी शोधायला निघाला. धाकट्या बहिणीला, म्हाळूला, त्यानं आजारी कोकरांपाशी याच झाडाखाली बसवलं. 'हलू नको. पाणी लागलं की हाक देतो.' धनगराची हाक म्हणजे शपथच. टेकडीपल्याड पाणी लागलंही, पण ओंजळभर झरा. जानूनं तहानलेल्या मेंढरांकडं पाहिलं, झऱ्याकडं पाहिलं, आणि आवाज गिळला. मेंढरं तगली. इकडं म्हाळूनं, हाक नीट ऐकू यावी म्हणून, भुईला कान लावला. भुईनंच तिला पोटात घेतलं, असं सांगतात. जानू परतला तेव्हा खोडाला तिची रिकामी चोळी तेवढी चिकटलेली. दर उन्हाळ्यात ती वर येते, चोळी टाकते नि ओरडून विचारते, 'दादा, पाणी लागलं का रं?'

आजही माळेवाडीत पहिली घागर भरली की कुणी तोंडाला लावत नाही. आधी माळाकडं वळून हाक देतात, 'लागलंऽऽ!'

"मग गप्प होतात किडे?" रेवतीनं विचारलं.

"न्हाई, पोरी. उशिराच्या हाकेवर कोण इस्वास ठेवंल?"

रेवती शाल्मलीसमोर उकिडवी बसली. "शालू, मी उद्या जाणारेय. खूप दिवस." आणि रडं फुटायची वाट पाहत राहिली.

"माहितेय," शाल्मली म्हणाली. "मी झोपेचं सोंग घेऊन बघणार होते, तू सांगतेस का आजी म्हणाली तशी सटकतेस."