द्या इकडे

सन दोन हजार एकोणीस, माघ महिना. थंडी अजून गेली नव्हती. त्या दिवसांत एकदा एक तरुण आपल्या जुन्या शाळेतील शिक्षकांना शिकवण्याचे नवे अ‍ॅप समजावून द्यायला आला. त्याचे वृद्ध गुरुजी, त्याच शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, मागच्या बाकावर येऊन बसले.

तरुण हुशार होता. शिक्षक अडला की तो म्हणे, "द्या इकडे." टॅब घेई, बोटे फिरवी, परत देई. दुपारपर्यंत सर्वांचे काम झाले. आले कोणालाच नाही.

चौथीच्या घरतबाई उठल्या. "मी उद्या राजीनामा देते. जन्मभर खडूने शिकवलं. या काचेला हात लावायची भीती वाटते."

"बाई, बसा," गुरुजी म्हणाले. मग तरुणाकडे वळून गरजले, "हाताची घडी, तोंडावर बोट!"

शिक्षक हसले. तरुण ओशाळला. "गुरुजी, तिशीचा झालो मी."

"चाळिशीचा हो. घडी घाल."

त्याने घातली.

बाईंनी टॅब घेतला. बोट भलत्या जागी पडले आणि अपूर्णांकांचा तयार धडा नाहीसा झाला. बाईंचा चेहरा उतरला. तरुणाचा हात घडीतून सुटून टॅबकडे गेला.

"घडी!"

बाई शोधत राहिल्या. कोपऱ्यात उलटा वळलेला बाण दिसला. त्यांनी तो दाबला.

"अगं बाई! आला की!"

मग त्यांनी धडा मुद्दाम पुसला. पुन्हा आणला.

शेजारचे मास्तर म्हणाले, "बाई, खेळ मांडलाय काय?"

"तुम्हीपण मांडा. काही मोडत नाही."

गुरुजी तरुणाला जवळ बोलावून म्हणाले, "तू टॅब काढून घेतलास की हे शिक्षक एवढंच शिकतात, 'हे आपलं काम नव्हे.' तुझी गणितं चुकत तेव्हा मी पाटी हिसकावली नाही. हात शिवशिवत, तरी पाहत बसलो. ते ऋण आहे तुझ्यावर. मला नको, यांना फेड."

दुसऱ्या दिवशी घरतबाई वर्गात एकट्या उभ्या राहिल्या. टॅबवरून प्रोजेक्टरने भिंतीवर पाडलेल्या चित्रात भाकरीचे चार भाग झाले, मग आठ. मुलांनी गलका केला. मध्येच चित्र अडकले. तरुण दारात होता. तो पुढे झाला नाही. बाईंनीच ते चालू केले. राजीनाम्याचे नाव पुन्हा निघाले नाही.

ऋण फिटले.